पंडिता रमाबाईंचे उपासाचे दिवस

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या मंडळ्यांत विरळाच. परंतु त्यांच्या संस्कृत विद्वत्तेविषयी आपण जितके बोलतो, तितके त्यांच्या उपासमारीविषयी बोलत नाही. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई तीर्थयात्रेतच वाढल्या. पुढे दुष्काळात जवळचे सारे संपले, आणि मोलमजुरी करणे त्या ब्राह्मण कुटुंबास कमीपणाचे वाटे. थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडली. झेलमकाठच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती निजत. बंधू श्रीनिवास यांची खचलेली प्रकृती सुधारली नाही. १८८० साली ते वारले. रमाबाई इंग्लंडास वैद्यकी शिकावयास गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला.

गर्भात सोसलेली उपासमारही पुढे मधुमेह व हृदयविकाराच्या रूपाने उभी राहते, हे १९४४-४५ च्या हॉलंडमधील दुष्काळावरील अभ्यासांनी दाखविले आहे. रमाबाईंच्या काळी हे शास्त्र नव्हते.

आम्ही पलसाण्याचे. इकडे गुजरातेत १८९९-१९०० च्या दुष्काळास छप्पनियो म्हणतात. त्या वेळी रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात नेल्या. काही मुली अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. बाकीच्या तेथे विणकाम, शेती व छपाई शिकल्या.