ह्यूगो ग्रोशियस

आंतरराष्ट्रीय कायद्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे ह्यूगो ग्रोशियस यांचा जन्म १० एप्रिल १५८३ रोजी हॉलंडमधील डेल्फ्ट येथे झाला. अकराव्या वर्षी त्यांनी लायडन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि सोळाव्या वर्षी हेग येथे वकिली सुरू केली.

१६०३ मध्ये डच गलबतांनी सिंगापूरनजीक 'सांता कातारिना' हे मौल्यवान मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. पूर्वेकडील समुद्रांवर त्या काळी पोर्तुगीज हक्क सांगत. त्यांचा 'कार्ताझ' हा परवाना नसलेली जहाजे अरबी समुद्रात जप्त होत. डच ईस्ट इंडिया कंपनीची बाजू मांडण्याचे काम ग्रोशियस यांच्याकडे आले. त्यातूनच १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम' अर्थात 'मुक्त समुद्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही आणि पूर्वेकडील राजे ख्रिस्ती नसले तरी आपापल्या मुलखाचे सार्वभौम धनी आहेत, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. मात्र १६१३ मध्ये लंडनच्या वाटाघाटींत मसाल्याच्या व्यापारातील डच मक्तेदारीचे समर्थन त्यांनाच करावे लागले. इंग्रजांनी त्यांच्याच ग्रंथातील युक्तिवाद त्यांच्यावर उलटवले.

धार्मिक व राजकीय संघर्षात १६१९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. लोव्हेस्टाइन किल्ल्यात ते कैदेत असताना पत्नी मारिया यांनी धाडसी बेत आखला आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून ग्रोशियस निसटले. पॅरिसला आश्रय घेतल्यावर १६२५ मध्ये त्यांनी युद्ध आणि शांततेचा कायदा मांडणारा आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला. राज्याचा कायदा प्रजेला बांधतो. परंतु राज्याराज्यांतील व्यवहारही विवेकावर आधारलेल्या कायद्याने बांधलेले असतात, दिलेला शब्द राजानेही पाळलाच पाहिजे, हे त्याचे सूत्र होते. युद्धकैद्यांना गुलाम करण्याची तत्कालीन रूढी मात्र त्यांनी मान्य केली. ही त्यांच्या विचारांची मर्यादा होय.

पुढे ते स्वीडनचे फ्रान्समधील राजदूत झाले. १६४५ मध्ये स्वीडनहून परतताना त्यांचे जहाज वादळात सापडले. प्रवासाने खचलेल्या ग्रोशियस यांचे २८ ऑगस्ट रोजी रोस्टॉक येथे निधन झाले. ज्या तीस वर्षांच्या युद्धाने त्यांना अस्वस्थ केले, ते तीनच वर्षांनी वेस्टफालियाच्या तहाने संपले.

राज्यांवर हुकूमत चालवणारी सत्ता नसताना कायदा पाळायचा कोणी आणि का, हा त्यांचा प्रश्न आजही कायम आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आणि तहांतील बंधनांविषयी आदर वाढवण्याचे जे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यामागील विचारपरंपरेचा एक उगम ग्रोशियस यांच्या लेखनात आढळतो.