सरफोजी राजे : तंजावरच्या नेत्रोपचारांचे आश्रयदाते

तंजावरच्या भोसले घराण्यातील राजे दुसरे सरफोजी हे ग्रंथसंग्राहक आणि कलांचे आश्रयदाते म्हणून सर्वपरिचित आहेत. भारतातील नेत्रवैद्यकाच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र त्याचा उल्लेख तुलनेने कमी होतो.

सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. तुळजाजी राजे यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. तुळजाजींच्या निधनानंतर गादी अमरसिंह यांच्याकडे गेली. या काळात श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने सरफोजींच्या संरक्षणाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. १७९८ मध्ये ते गादीवर आले. परंतु पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. वयाच्या बाविसाव्या वर्षी राजांकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक उत्पन्न आणि राजपद एवढेच उरले.

सत्ता गेल्यावर सरफोजींनी विद्येला वाहून घेतले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी अनेक भाषांतील ग्रंथांची भर घातली. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला. धन्वंतरी महाल या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास होत असे. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात संकलित करण्यात आले. त्यांतील एक ग्रंथ नेत्ररोगांवर आहे.

सरस्वती महालात सरफोजींच्या काळातील नेत्ररुग्णांची नोंदपत्रके आढळली आहेत. ती इंग्रजीत असून त्यांत रुग्णाचा विकार आणि त्यावरील उपचार यांचे वर्णन आहे. विकारग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रेही त्यांसोबत आहेत. राजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करीत असत, असे या कागदपत्रांच्या आधारे काही अभ्यासकांचे मत आहे.

मोतीबिंदूत डोळ्यातील पारदर्शक भिंग धुरकट होते आणि प्रकाश आत पोहोचत नाही. प्राचीन भारतीय पद्धतीत हे भिंग अणकुचीदार शस्त्राने बाजूला ढकलले जाई. युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यास दाव्हिएल या फ्रेंच वैद्याने ते बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा वापर १८८४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे सरफोजींच्या काळात रुग्णाला शुद्धीवर असतानाच वेदना सोसाव्या लागत. जंतुसंसर्गाने डोळा कायमचा जाण्याचा धोकाही मोठा होता. अशा स्थितीत प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याला विशेष महत्त्व होते. कोणता उपचार लागू पडला, हे पुढच्या वैद्याला त्यावरूनच समजू शकत होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये तंजावरचे राज्य संपुष्टात आले. ग्रंथालय मात्र टिकले.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १८४९ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९४९ मध्ये लंडनला झाली. भारताने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तरीही देशातील अंधत्वाचे प्रमुख कारण आजही मोतीबिंदू हेच आहे. वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास यातील बहुतेकांची दृष्टी परत येऊ शकते.