चित्रकर्त्री बिॲट्रिक्स पॉटर

ज्या बालकांना अद्याप अक्षरओळख झालेली नसते, त्यांना पशुपक्ष्यांच्या व वनस्पतींच्या जगाची ओळख बहुधा चित्रांतून होते. अशा बालकांसाठी निसर्गाचे सचित्र पुस्तक तयार करणे वरवर सोपे भासते. परंतु त्यास शास्त्रज्ञाची दृष्टी, चित्रकाराचा हात आणि मातेचे अंतःकरण या तिन्हींची गरज असते. हे तिन्ही गुण बिॲट्रिक्स पॉटर या आंग्ल चित्रकर्त्रीच्या ठायी एकवटले होते.

बिॲट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडन येथे एका धनिक कुटुंबात झाला. तिला शाळेत न धाडता घरीच शिक्षिका ठेवून शिकविण्यात आले. समवयस्क मैत्रिणी तिला जवळजवळ नव्हत्याच. धाकटा भाऊ बर्ट्रम हाच काय तो सवंगडी. ही उणीव मुक्या प्राण्यांनी भरून काढली. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे असे नाना जीव ही भावंडे पाळीत आणि त्यांची चित्रे काढीत. उन्हाळ्यात कुटुंब खेड्यात राहावयास जाई. तेथील रानावनांत हिंडताना बिॲट्रिक्सच्या निरीक्षणास अधिकच धार चढली.

पुढे पॉटरबाईंचे लक्ष भूछत्रांकडे वेधले. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांनी भूछत्रांची शेकडो रंगीत चित्रे रेखाटली व त्यांचे बीजाणू कसे रुजतात याविषयी एक निबंध लिहिला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची छोटी आगगाडी ज्या १८९७ साली धावू लागली, त्याच साली हा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे ठेवला गेला. परंतु स्त्रियांना त्या संस्थेच्या सभेत प्रवेश नव्हता. त्यामुळे लेखिकेवाचूनच त्याचा विचार झाला आणि तो अप्रकाशितच राहिला. शास्त्राचे दार असे बंद झाले, तरी शास्त्राने लावलेली सूक्ष्म निरीक्षणाची सवय पॉटरबाईंनी सोडली नाही.

तत्पूर्वी १८९३ साली त्यांच्या एका माजी शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा आजारी पडला होता. त्याचे मन रमावे म्हणून पॉटरबाईंनी त्याला पत्रातून चार सशांची सचित्र गोष्ट लिहून पाठविली. काही वर्षांनी त्या गोष्टीचे पुस्तक करावे असे त्यांनी ठरविले. पुस्तक बालकांच्या चिमुकल्या हातांत मावेल एवढे असावे, मजकूर थोडा व चित्रे भरपूर असावीत आणि किंमत अल्प असावी, हा त्यांचा आग्रह होता. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. पुढच्याच वर्षी वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांसह ते पुस्तक प्रसिद्ध केले आणि पीटर ससा घरोघरी पोहोचला.

पॉटरबाईंचा ससा अंगात निळा डगला घालतो; परंतु त्याचे कान, मिशा, पंजे व बसण्याची ढब खऱ्या सशाचीच असते. घरी पाळलेला ससा समोर ठेवून त्या चित्र काढीत. भोवतालची पाने, फुले व भाज्याही ओळखू येतील इतक्या हुबेहूब असत. पीटरच्या बापाचा शेवट माळ्याच्या स्वयंपाकघरात झाला, हे कठोर सत्यही त्यांनी बालकांपासून लपविले नाही.

१९०५ साली प्रकाशकबंधूंपैकी नॉर्मन वॉर्न यांच्याशी त्यांचा विवाह ठरला. परंतु महिनाभरातच नॉर्मन यांचे निधन झाले. हे दुःख उरात साठवून त्यांनी त्याच वर्षी सरोवर-प्रदेशात हिल टॉप नावाची शेतवाडी घेतली. तेथील कोंबड्या, बदके, मांजरे व खुद्द ते घरही त्यांच्या पुढील पुस्तकांत अवतरले. १९१३ साली विल्यम हीलिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतरच्या आयुष्यात त्या शेतीत रमल्या व त्या प्रदेशातील हर्डविक जातीच्या मेंढ्यांच्या जाणकार म्हणून नावाजल्या. पुस्तकांच्या उत्पन्नातून त्यांनी तेथील शेते विकत घेतली आणि ती भूमी उजाड होऊ दिली नाही.

२२ डिसेंबर १९४३ रोजी पॉटरबाईंचे निधन झाले. चार हजार एकरांहून अधिक भूमी त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली होती. एके काळी उपेक्षिलेली त्यांची भूछत्रांची चित्रेही १९६७ साली भूछत्रांवरील एका ग्रंथात समाविष्ट झाली. आजारी बालकाला पाठविलेल्या एका पत्रातून जगभरच्या मुलांना आनंद मिळाला आणि त्याच आनंदाच्या मोलाने एक रम्य प्रदेश सुरक्षित राहिला.