बुरशी लागलेली बशी

मैत्रिणींनो, परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक जण आली नाही, म्हणून संध्याकाळी तिच्या घरी डोकावून आले. दारात तिची तेरा वर्षांची लेक सागरगोटे खेळत बसली होती. चांगली हसती-खेळती. या मुलीला दर 21 दिवसांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि या वेळचं चुकवलं होतं. का, तर पोर आता ठणठणीत आहे, सुई फार दुखते आणि दवाखान्यात गेलं की आईचा एक दिवसाचा रोज बुडतो. तिन्ही कारणं खरी. पण तीन वर्षांपूर्वी याच मुलीचा घसा सुजून ताप आला होता. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, दुकानातून सुट्या दोन कॅप्सूल आणून झाल्या, ताप उतरला. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, घोटे सुजले. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर कळलं की हा सांधेताप आहे आणि त्यात हृदयाची झडप दुखावली आहे. दुखणं घशाचं आणि घाव काळजावर!

मी तिच्या आईला रागावणारच होते, पण जीभ चावली. माझा मुलगा पाचवीत असताना त्याचाही घसा असाच सुजला होता. डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तो अंगणात क्रिकेट खेळायला लागला आणि मी उरलेल्या कॅप्सूल मसाल्याच्या डब्यामागे ठेवून दिल्या. वाया कशाला घालवायच्या! पुढे त्यातल्याच चार मी जाऊबाईंच्या मुलीला सर्दी झाली तेव्हा मोठ्या शहाणपणाने दिल्या. बी. ए. झालेली बाई मी. माझ्या मुलाला काही झालं नाही, ते केवळ नशीब.

त्या मुलीला मिळतं ते इंजेक्शन पेनिसिलिनचं. ज्या माणसाला ते पहिल्यांदा सापडलं, त्याने अशा अर्ध्यामुर्ध्या औषधांबद्दल फार पूर्वीच सावध केलं होतं. त्या अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट आज सांगाविशी वाटते.

फ्लेमिंग शेतकऱ्याचा मुलगा. जन्म 6 ऑगस्ट 1881, स्कॉटलंडमध्ये डार्व्हेल नावाच्या गावाजवळच्या एका शेतावर. वडिलांचं हे दुसरं लग्न. पहिल्या बायकोची मुलं, स्वतःची मुलं, सगळा गोतावळा आई ग्रेसने सांभाळला. अलेक सात वर्षांचा असताना वडील गेले आणि शेत, गुरं, मेंढ्या सगळं तिच्यावर आलं. शाळा लांब, चालत जायची. थंडीच्या दिवसांत ती मुलांच्या हातात गरम उकडलेले बटाटे द्यायची. जाताना हात शेकायचे आणि दुपारी तेच खायचे. आईचं डोकं कुठल्याही देशात सारखंच चालतं, नाही का?

तेरा-चौदा वर्षांचा असताना अलेक लंडनला मोठ्या भावाकडे आला. हा भाऊ डॉक्टर होता. अलेकने मात्र चार वर्षं एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कारकुनी केली, आणि ती त्याला अजिबात आवडली नाही. मग एका काकांच्या मृत्युपत्रातून थोडे पैसे वाट्याला आले आणि भावाने सुचवलं, तू डॉक्टर हो. लंडनमधल्या कॉलेजांपैकी त्याने सेंट मेरीज निवडलं. कारण ऐकाल तर हसाल. त्या कॉलेजच्या मुलांविरुद्ध तो कधीतरी पाण्यातला पोलो खेळला होता, एवढीच त्याची ओळख! 1906 मध्ये शिक्षण संपलं आणि तिथल्याच प्रयोगशाळेत जागा मिळाली. कॉलेजच्या नेमबाजी क्लबाला चांगला नेमबाज हातचा जाऊ द्यायचा नव्हता, हेही त्यामागे होतं. पुढे जवळजवळ सगळा जन्म त्याने त्याच इस्पितळात काढला.

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधल्या बुलोन इथे जखमी सैनिकांच्या इस्पितळात होते. सैनिक गोळीने मरायचे, त्याहून जास्त त्यांच्या नजरेसमोर जखमा सडून मरत होते. तेव्हा जखमेत कडक जंतुनाशकं ओतायची पद्धत होती. फ्लेमिंगनी तपासून दाखवलं की खोल जखमेत ती जंतूंपर्यंत पोचतच नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारतात. शरीराला धक्का न लावता नेमका जंतू मारील असं काही हवं, हे त्यांच्या मनात तिथेच बसलं असणार. युद्ध चालू असतानाच, 1915 मध्ये, त्यांनी सारा मॅकेलरॉय या आयरिश नर्सशी लग्न केलं. ती स्वतःचं नर्सिंग होम चालवत होती. नवरा अबोल, ती बोलकी.

1921 मध्ये, सर्दी झालेली असताना, त्यांनी आपल्या नाकातला शेंबूड जंतूंच्या बशीत टाकून पाहिला. आपण ‘ई’ म्हणून तोंड फिरवलं असतं. पण त्याच्या आसपासचे जंतू विरघळलेले दिसले. तोच पदार्थ अश्रूंत सापडला, अंड्याच्या पांढऱ्यात सापडला. आईच्या दुधातही तो असतो. मग अश्रू हवेत म्हणून स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळायचा कार्यक्रम सुरू झाला! आपल्याकडे कांदा चिरून काम भागलं असतं. या पदार्थाचं नाव लायसोझाइम. गंभीर रोगाच्या जंतूंपुढे मात्र त्याचं फारसं चालत नव्हतं.

या माणसाला आणखी एक छंद होता, तो मला फार आवडतो. काही जंतू वाढले की रंगीत दिसतात, कुणी लाल, कुणी पिवळे. फ्लेमिंग त्यांचीच चित्रं काढायचे. बशीत ठरलेल्या जागी ठरलेले जंतू टोचायचे आणि वाट बघायची. दोन दिवसांनी चित्र उमटायचं. रांगोळीच की ही! रोज बशा निरखायची ही सवय पुढे कामी आली, असं माझं आपलं मत.

टेबल मात्र सदा पसरलेलं. काम झालेल्या बशा ते दोन-दोन आठवडे तशाच ठेवायचे आणि टाकण्याआधी एकदा बघून घ्यायचे. 1928 च्या सप्टेंबरमध्ये सुट्टीवरून परत आले तेव्हा अशाच पडून राहिलेल्या एका बशीत निळसर-हिरवी बुरशी उगवली होती. शिळ्या पावावर, लिंबावर येते तिच्याच जातकुळीतली. बशीत गळवं आणि पू करणारे जंतू वाढवले होते. बशीभर त्यांचे ठिपके, पण बुरशीच्या भोवती स्वच्छ रिकामं कडं. बुरशीतून काहीतरी झिरपत होतं आणि ते जंतूंना मारत होतं.

बुरशी लागली की आपण काय करतो? नाक मुरडून फेकतो आणि भांडं घासायला टाकतो. त्यांनी ती बशी जपून ठेवली, बुरशी वाढवली, तिचा रस काढला आणि बुरशीच्या पेनिसिलियम या नावावरून रसाला पेनिसिलिन म्हटलं. 1929 मध्ये त्यावर लेखही लिहिला. पण रस शुद्ध होईना, टिकेना. फ्लेमिंग काही रसायनशास्त्रज्ञ नव्हते. हळूहळू ते दुसऱ्या कामाला लागले.

इथे थोडं थांबते. (आमच्या मंडळात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका आजींनी विचारलं, म्हणजे बुरशीची भाकरी खाल्ली तर चालेल? अजिबात नाही! बुरशी शेकडो जातींच्या, त्यातल्या कित्येक विषारी.) पेनिसिलिन करतं काय, ते मला एका डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं होतं. जंतूच्या अंगाभोवती एक भक्कम भिंत असते. जंतू वाढताना ती भिंत सारखी बांधत असतो. पेनिसिलिन त्या भिंतीचे सांधे जुळूच देत नाही. विटा रचल्या, पण मध्ये सिमेंट नाही, अशी गत. मग आत पाणी शिरतं आणि जंतू फुटतो. आपल्या शरीरातल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून आपल्याला ते मारत नाही. आणि सर्दी-पडसं, फ्लू ज्यांच्यामुळे होतात त्या विषाणूंनाही अशी भिंत नसते. म्हणजे जाऊबाईंच्या मुलीला मी दिलेल्या चार कॅप्सूल कशावर काम करणार होत्या, सांगा! त्या अमॉक्सिसिलिनच्या, पेनिसिलिनच्याच धाकट्या बहिणीच्या होत्या. घशातला तो सांधेतापाला निमित्त होणारा जंतू, न्यूमोनियाचे काही जंतू, गरमी हा रोग, बाळंतपणानंतरचा जीवघेणा ताप, अशा दुखण्यांवर ही औषधं चालतात. मात्र काही जणांना पेनिसिलिनची जबरदस्त ॲलर्जी असते, जिवावरही बेतू शकतं. आधी कधी पुरळ किंवा सूज आली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

फ्लेमिंगनी सोडलेला धागा दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी उचलला. तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलं होतं. 25 मे 1940 ला त्यांनी आठ उंदरांना जंतू टोचले आणि चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले, बाकीचे जिवंत! बुरशी वाढवायला भांडी नव्हती, म्हणून इस्पितळातल्या बेडपॅनच्या घाटाची मातीची भांडी करून घेतली. त्यात बुरशी लावणं, रस काढणं हे काम सहा तरुण मुली करायच्या. त्यांना पेनिसिलिन गर्ल्स म्हणत. त्या सहा जणींची नावं कुणाच्या तोंडी नाहीत, आणि बक्षिसं वाटताना त्यांची आठवण झाल्याचं मी कुठे वाचलं नाही.

1941 मध्ये पहिल्यांदा एका पोलिसाला औषध दिलं. तोंडावर साधी जखम, पण जंतू अंगभर पसरलेले. पाच दिवसांत तो उठून बसला, जेवायला लागला. आणि औषध संपलं! त्याच्या लघवीतून पेनिसिलिन काढून परत दिलं, तरी पुरलं नाही. तो गेला. औषध अर्ध्यात थांबलं की काय होतं, ते त्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत गर्भपातानंतर जंतू रक्तात भिनून मरणाला टेकलेल्या एका तरुण बाईला ते मिळालं आणि एका दिवसात ताप उतरला. ती नव्वद वर्षांची होऊन 1999 मध्ये वारली. 1944 पर्यंत अमेरिकेतल्या कारखान्यांतून युद्धातल्या जखमींना पुरेल इतकं औषध निघू लागलं होतं.

पेपरवाल्यांनी सगळं श्रेय फ्लेमिंगना देऊन टाकलं. फ्लोरींना प्रसिद्धी आवडत नसे, त्यांनी बातमीदारांना दारात उभं केलं नाही. मला विचाराल तर ऑक्सफर्डवाल्यांवर हा अन्यायच झाला. फ्लेमिंगना 1944 मध्ये ‘सर’ केलं, 1945 चं नोबेल मात्र फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळालं, हे बरं झालं. फ्लेमिंगच्या वडिलांनी लहानग्या चर्चिलला बुडताना वाचवलं म्हणून चर्चिलच्या वडिलांनी अलेकचं शिक्षण केलं, अशी एक गोष्ट भाषणांतून नेहमी ऐकू येते. गोड आहे, पण खोटी आहे.

नोबेलच्या वेळी डिसेंबर 1945 मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांनी जे भाषण केलं, त्यासाठीच खरं तर मी एवढं सगळं सांगत आले. त्यात त्यांनी एक काल्पनिक संसार उभा केला. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलिन आणतो आणि थोडंसंच घेतो. जंतू मरण्याइतकं नाही, पण औषध पचवायला शिकण्याइतकं. मग त्याच्याकडून ते जंतू बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. तिला पेनिसिलिन देतात, पण आता ते लागू पडत नाही, आणि ती मरते. या मरणाला जबाबदार कोण, असा प्रश्न त्यांनी केला आणि बोट नवऱ्याकडे दाखवलं. औषध नुकतं कुठे बाजारात येत होतं, सगळं जग टाळ्या वाजवत होतं, आणि हा माणूस तिथे उभा राहून ही गोष्ट सांगत होता. ती वाचताना मला माझा मसाल्याचा डबा दिसला.

पुढे तसंच झालं. त्यांच्या बशीत होते त्या जातीचे बहुतेक जंतू आता साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत. औषधाचेच तुकडे करणारा पदार्थ ते स्वतः तयार करतात. घशातला तो सांधेतापवाला जंतू मात्र इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलिनपुढे नांगी टाकतो.

फ्लेमिंगची पत्नी सारा 1949 मध्ये गेली. 1953 मध्ये त्यांनी अमालिया या ग्रीक डॉक्टरीणबाईंशी लग्न केलं. त्या त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करायला आल्या होत्या. 11 मार्च 1955 ला लंडनमध्ये हृदयविकाराने फ्लेमिंग गेले. गंमत बघा, त्याच 1955 मध्ये आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. तोवर ते बाहेरून यायचं.

हे सगळं मी त्या मुलीच्या आईला सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की सुईतलं औषध कुल्ल्यात साठून राहतं आणि तीन आठवडे थोडं थोडं रक्तात उतरतं. ते संपलं आणि तेवढ्यात घशात पुन्हा तो जंतू आला, तर आधीच दुखावलेल्या झडपेवर दुसरा घाव बसेल. पोर बाहेरून हसती-खेळतीच दिसेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ताई, रोज बुडतो त्याचं काय?

गटातल्या दोघींशी बोलून ठरवलं आहे. आईने कामावर जायचं आणि मुलीला आळीपाळीने आमच्यापैकी एकीने न्यायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीनेच लाल पेनने तारखांना गोल केले आहेत. चुकलेलं इंजेक्शन गुरुवारी द्यायचं आहे. पहिली पाळी माझी. सुई दुखते म्हणून परतताना बर्फाचा गोळा हवा, अशी अट तिने घातली आहे. त्यावर आमची अजून घासाघीस चालू आहे.