रोझलिंड फ्रँकलिन

खाण तशी माती, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. गव्हाच्या दाण्यातून गहूच उगवतो आणि मुलाच्या चेहऱ्यात आईबापांचे वळण उतरते. हे गुण पिढ्यान्‌पिढ्या पोहोचवण्याचे काम सजीवांच्या पेशींतील डी.एन.ए. नावाचे द्रव्य करीत असते. या द्रव्याच्या रचनेचे कोडे सुटण्यास ज्यांच्या परिश्रमांचे मोठे साहाय्य झाले, त्या विदुषी म्हणजे रोझलिंड फ्रँकलिन.

त्यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडन येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. केंब्रिज येथे त्यांनी रसायनशास्त्राचे अध्ययन केले आणि दगडी कोळशातील सूक्ष्म छिद्रांवर संशोधन करून १९४५ साली डॉक्टरेट संपादन केली. पुढे पॅरिसमध्ये क्ष-किरणांच्या योगे पदार्थांची अंतर्रचना ओळखण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली.

१९५१ साली त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात रुजू झाल्या. डी.एन.ए.चा केसासारखा बारीक धागा ओलसर हवेत ठेवावयाचा, त्यावर क्ष-किरण सोडावयाचे आणि तासन्‌तास वाट पाहावयाची, असे ते चिकाटीचे काम होते. मे १९५२ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने घेतलेल्या एका छायाचित्रात ठिपक्यांची स्पष्ट फुली उमटली. तेच छायाचित्र क्रमांक ५१. डी.एन.ए.चा रेणू पीळदार आहे, हे ती फुली सांगत होती.

१९५३ च्या जानेवारीत मॉरिस विल्किन्स या सहकाऱ्याने हे छायाचित्र रोझलिंडबाईंच्या नकळत जेम्स वॉटसन यांना दाखवले. बाईंची मोजमापेही एका अहवालाद्वारे केंब्रिजला पोहोचली. त्यांच्या आधारे वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डी.एन.ए.ची प्रतिकृती उभी केली. ती पीळ दिलेल्या शिडीसारखी होती. शर्करा व फॉस्फेट यांचे दोन पेड बाहेरून आणि चार घटकांच्या जोड्यांच्या पायऱ्या आत. ॲडेनिनची जोडी थायमिनशी, तर ग्वानिनची सायटोसिनशी. पेशीचे विभाजन होण्यापूर्वी हे पेड विलग होतात व प्रत्येक पेडावर त्याचा जोडीदार नव्याने घडतो. म्हणूनच मूळ लिखाणाची हुबेहूब नक्कल नव्या पेशीस मिळते.

२५ एप्रिल १९५३ रोजी हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच अंकात रोझलिंडबाईंचाही निबंध होता. परंतु तो केवळ दुजोरा वाटावा, अशा जागी तो छापला गेला. तोवर त्या बर्कबेक कॉलेजात तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासात गढून गेल्या होत्या. १९५६ साली त्यांना कर्करोगाने गाठले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, त्यांची जीवनज्योत मालवली.

१९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोझलिंडबाईंच्या समाधिशिलेवर त्यांच्या विषाणू-संशोधनाचा गौरव आहे, डी.एन.ए.चा मात्र उल्लेखही नाही. शिलेवर जे कोरले गेले नाही, ते पुढे विज्ञानाच्या इतिहासाने नोंदवले. आज डी.एन.ए.च्या शोधाची कथा छायाचित्र क्रमांक ५१ वाचून पुरी होत नाही.