खाँसाहेब, एक भोंगा आणि आपला मिक्सर: ऑडिओ समिंग म्हणजे काय?

आमच्या कवठे महांकाळमध्ये मी घरातल्याच एका खोलीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, चार माईक, बस्स. 'समिंग' ही भानगड मला व्हिडिओ बघून नाही, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्ड ऐकून समजली.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. गाणं घरातच होतं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले, तिथून ताराबाई माने यांच्यासोबत मुंबईला आले आणि पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं. हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी, सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. म्हणजे आमच्या स्टेशनातून गाडीत बसलं की जिथे उतरतो, त्या मिरजेचा हा माणूस!

1905 च्या सुमारास त्यांच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या. तेव्हा ना माईक, ना वीज. एक मोठा भोंगा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणार. गायक भोंग्यासमोर, जोरात वाजणारं वाद्य मागे. तंबोऱ्यासारखं नाजूक वाद्य फार कमी उमटायचं. जरा विचार करा, अंतर हाच फेडर! सगळ्या आवाजांची बेरीज हवेतच व्हायची आणि सुईला एकच रेघ मिळायची.

आज तीच बेरीज सॉफ्टवेअर करतं. प्रत्येक माईकचा एक ट्रॅक. पखवाज आणि टाळ एका 'बस'मध्ये, गाणाऱ्यांचे आवाज दुसऱ्या बसमध्ये, मग दोन्ही बस मास्टरमध्ये. कुठला आवाज कुठून कुठे जाणार, हे ठरवणं म्हणजे राउटिंग. शेवटी आकडे एकमेकांत मिळवणं म्हणजे समिंग. 16 बिटच्या फाइलमध्ये सर्वात मोठा आकडा 32,767. एका क्षणी पखवाज 20,000 आणि आवाजही 20,000 असला, तर बेरीज 40,000. ती मावत नाही, लाटेचं डोकं सपाट कापलं जातं आणि कानाला फाटका आवाज येतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

माझं नेमकं हेच झालं. एका मंडळाच्या अभंगात सगळे ट्रॅक हिरवे दिसत होते, मास्टर लाल. मी न बघताच फाइल काढून दिली. दोन महिन्यांनी त्यातले मुख्य गायक, आमच्या गल्लीतले आजोबा, वारले. घरच्यांकडे उरला तो फाटका अभंग. नशीब, ट्रॅक वेगळे ठेवले होते. बहुतेक सॉफ्टवेअर आतली बेरीज 32 बिट फ्लोटमध्ये करतात, त्यामुळे आत काही कापलं गेलं नव्हतं. मास्टर खाली घेतला, फाइल पुन्हा काढली, आजोबांचा आवाज स्वच्छ आला. फोनवर सगळं एकत्रच रेकॉर्ड केलं असतं तर काहीच हातात नव्हतं.

खाँसाहेबांच्या बाबतीत ती सोय नाही. 1930 च्या दशकात ते माईकसमोर गायले. तोवर वीज आली होती, पण तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं आणि बेरीज जागेवरच पक्की. त्यांची झिंझोटीची ठुमरी मी आवाज वेगळा करणाऱ्या एका एआय ॲपमध्ये टाकून पाहिली. तबला बराचसा सुटला, पण आवाजासोबत तंबोरा आलाच. येणारच म्हणा! तंबोरा नीट जुळल्याशिवाय न गाणारा हा माणूस, त्याचा सा तंबोऱ्याच्या सा मध्ये असा विरघळतो की दोघांच्या कंपनसंख्या एकमेकांवर पडतात. ॲप तरी काय करणार?

सूर किती बारीक असतो याचा त्यांना ध्यासच होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 22 श्रुतींवर जे काम केलं, त्यात खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती.

ऑक्टोबर 1937 मध्ये ते पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर त्यांचा मृत्यू झाला. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तिथे उरुसाला त्यांच्या नावानं संगीत सभा भरते. गेलात तर साउंडवाल्याच्या मागे उभे राहा आणि मास्टरचा मीटर बघा.