चुकीच्या काळातला पियानो

‘द स्टिंग’ हा १९७३ चा पिक्चर आमच्या विंगमध्ये बहुतेकांनी पाहिलाय. गोष्ट १९३६ सालची, शिकागोच्या ठगांची. पण मागे वाजणारा पियानो त्या काळातला नाहीच! ‘द एंटरटेनर’ ही चाल १९०२ ची. १९३६ मध्ये अमेरिका स्विंगवर नाचत होती, रॅगटाइम केव्हाच जुनं झालं होतं. ही चाल कुणाची, म्हणून शोधायला गेलो आणि स्कॉट जॉपलिन सापडला.

जन्म १८६८ च्या सुमाराचा, बालपण टेक्सासमध्ये. वडील आधी गुलाम होते. आई लोकांच्या घरी कामं करायची आणि तिथे पियानो असेल तर हा त्यावर बसायचा. एका जर्मन शिक्षकाने त्याला शिकवलं.

रॅगटाइममध्ये डावा हात घड्याळासारखा ठोका देत राहतो आणि उजवा मुद्दाम त्या ठोक्याच्या आगेमागे पडतो. ऐकताना वाटतं, आता हा चुकणार. चुकत नाही. हे भरभर वाजवू नका, अशी सूचनाच जॉपलिन नोटेशनवर छापायचा.

१८९९ मध्ये ‘मेपल लीफ रॅग’ छापून आलं. तेव्हा कमाई नोटेशनचे कागद विकून व्हायची. त्याला प्रत्येक प्रतीमागे १ सेंट ठरला. ऐकायला कमी वाटतं, पण काळ्या संगीतकाराला थोडे डॉलर हातावर टेकवून वाटेला लावायचे ते दिवस होते.

त्याला मात्र ऑपेरा करायचा होता. पहिल्या ऑपेराचे कागदच हरवले. दुसरा ‘ट्रीमोनिशा’. त्यातली काळी मुलगी शिकलेली आहे, ती गावाला भोंदूंच्या तावडीतून सोडवते आणि गाव तिलाच पुढारी करतं. विषय बघा, आणि साल बघा! प्रकाशक मिळेना, तेव्हा १९११ मध्ये त्याने पदरचे पैसे घालून तो छापला. १९१५ मध्ये हार्लेममध्ये एकदाच करून दाखवला. ऑर्केस्ट्रा नाही, सेट नाही, पियानोवर जॉपलिन एकटा. कुणाला फारसं पटलं नाही. तोवर सिफिलिस मेंदूपर्यंत गेला होता. १ एप्रिल १९१७ ला तो न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात वारला. कबरीवर नावसुद्धा नव्हतं.

१९७० मध्ये जोशुआ रिफ्किनने त्याच्या रचनांची रेकॉर्ड काढली, ती चालली आणि मग हा पिक्चर आला. मार्विन हॅम्लिशने जॉपलिनच्या चाली त्यात बसवल्या आणि ऑस्कर घेतलं. काळाचा हिशोब चुकतो, मान्य. पण सरळ ठोक्यावर तिरकी चाल, हेच तर त्या ठगांचं काम! माझ्या मते १९३६ चं खरं संगीत घातलं असतं तर पिक्चर एवढा खुसखुशीत झालाच नसता.

१९७४ मध्ये कबरीवर नावाची पाटी लागली. १९७६ मध्ये, म्हणजे मरणानंतर ५९ वर्षांनी, पुलित्झरचा खास सन्मान मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी ‘ट्रीमोनिशा’ ब्रॉडवेवर लागला होता. ऑर्केस्ट्रा, सेट, कपडे, सगळं होतं.